लाल गिरणगावची पायी फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबागच्या कम्युनिस्ट इतिहासाची फेरी म्हटल्यावर लोक फोनवर साधारण हेच विचारतात. काही प्रश्न चपला कुठल्या घालू असे साधे असतात, काही भांडणाच्या तयारीने आलेले असतात. दोन्हींची उत्तरं इथे आहेत.

मुंबईत कम्युनिस्टांचं राज्य कधीच नव्हतं. मग बघायचं काय?

राज्य नव्हतं, हे खरंच. बुडापेस्टला किंवा बुखारेस्टला अशा फेऱ्या निघतात तेव्हा दाखवायला प्रचंड इमारती असतात, गुप्त पोलिसांच्या कचेऱ्या असतात, चौकातून उचलून शहराबाहेर नेऊन ठेवलेले पुतळे असतात. तिथे पक्ष म्हणजेच सरकार होतं. मुंबईत पक्ष नेहमी सरकारच्या समोरच्या बाजूला उभा राहिला आणि १९३४ ते १९४२ या काळात तर त्याच्यावर बंदीच होती. त्यामुळे आमच्याकडे पुतळे नाहीत. चाळी आहेत, मैदानं आहेत, एखादी चिमणी आहे, आणि जिथे गिरणीचं फाटक होतं तिथे आता टॉवरची लॉबी आहे. ज्यांना भराभर ‘स्पॉट’ बघून फोटो काढायचे असतात त्यांची निराशा होते, हे आधीच सांगून टाकतो.

पण १९२८ पासून पुढची चार दशकं या भागात लाल बावटा हा घरातला विषय होता. संप केव्हा, बोनस किती, रेशनच्या रांगेत भांडण झालं तर कोणाकडे जायचं, हे सगळं युनियनच्या कचेरीत ठरायचं. एकदा तर शहराचा महापौरही कम्युनिस्ट होता. ज्यांना ब्रिटिशांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरतच्या कट खटल्यात अडकवलं होतं ते शांताराम मिरजकर १९५८ साली मुंबईच्या महापौरपदी बसले. सत्तेवर न बसताही एखादा पक्ष वस्तीच्या रोजच्या जगण्यात किती खोल जाऊ शकतो, आणि मग तिथून कसा निघून जातो, हे आम्हाला दाखवायचं असतं.

फेरी कुठून कुठे? किती चालावं लागेल?

रविवारी सकाळी साडेसातला करी रोड स्टेशनबाहेर जमतो. भारतमाता सिनेमा, लालबाग, परळ नाका, दळवी बिल्डिंग, कामगार मैदान आणि पोयबावडी हा पट्टा. क्रम त्या दिवशीच्या वाहतुकीप्रमाणे आणि खोदलेल्या रस्त्यांप्रमाणे बदलतो. थांबत, बोलत साधारण तीन तास लागतात. चढ नाही, पण फुटपाथही फारसा नाही. बंद बूट किंवा मजबूत सँडल घाला.

रविवार सोयीचा म्हणून निवडला आहे, पण त्यालाही इतिहास आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंड्यांनी मालकांच्या मागे तगादा लावला म्हणून. लोखंडे सत्यशोधक, कम्युनिस्टांच्या कितीतरी आधीचे. गिरणगावाची चळवळ लाल होण्याआधीही चळवळ होतीच. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा इथले कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि तिकडे परदेशात बसलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेऊन लिहिलं. मुंबईत कम्युनिस्ट पक्ष नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

तुम्ही पक्षाची माणसं आहात का?

नाही. कुठल्याच पक्षाची नाही. फेरीत मात्र सगळ्या पक्षांची माणसं येतात आणि वाद घालतात. त्याला आमची हरकत नाही, फक्त रस्त्याच्या मधोमध उभं राहून घालू नका.

१९२८ च्या संपावर तुम्ही फार वेळ घेता अशी तक्रार ऐकली. एवढं काय आहे त्यात?

तक्रार मान्य, पण तो वेळ कमी होणार नाही. त्या संपाशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

मालकांनी ठरवलं की माणसं कमी करायची आणि एकेका कामगाराने जास्त यंत्रं सांभाळायची. विणकराला दोनऐवजी तीन साचे (माग), वर मजुरीत कपात. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार, शहरातल्या जवळजवळ सगळ्या गिरण्या, सहा महिने. तो चालू असतानाच मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणी कामगार. म्हणजे नुसते कोट घातलेले वकील आणि पदवीधर पुढारी नव्हते.

सहा महिने लोक जगले कसे? हा प्रश्न फेरीत कोणीतरी विचारतंच, आणि तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मुंबईचा कामगार पुरता मुंबईचा नव्हता. कोकणात, घाटावर त्याचं घर होतं, थोडी जमीन होती, बायको-पोरं बहुतेक तिकडेच होती. संप पावसाळ्यात चालला, बरेच जण पेरणीला गावी निघून गेले. मागे राहिले त्यांना वाण्याने उधार दिलं, खानावळवालीने ताट चालू ठेवलं. युनियनने धान्य वाटलं. रशियातल्या कापड कामगारांकडूनही पैसे आले, त्यावरून सरकारने बराच गवगवा केला. मालकांनी कामगाराला उपाशी पाडायचा बेत केला होता, पण त्याचा अर्धा संसार त्यांच्या हाताबाहेर होता.

या संपाने प्रत्येक गिरणीत गिरणी कमिट्या उभ्या केल्या. आधी मुकादमच सर्वेसर्वा. कामावर घ्यायचा तो, काढायचा तो, पैसे खायचा तो. कमिटी आल्यावर साध्या कामगाराला खात्याच्या साहेबासमोर उभं राहून बोलायची सवय लागली. सरकार हादरलं ते घोषणांपेक्षा या सवयीने, असं आमचं मत. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली, मीरतचा कट खटला उभा राहिला. आरोपींमध्ये डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, डॉ. अधिकारी होते, आणि आळवे, कासले हे गिरणी कामगारही होते. खालच्या कोर्टाचा निकाल लागायला जानेवारी १९३३ उजाडलं. पुढारी तुरुंगात असताना १९२९ चा दुसरा मोठा संप फसला, युनियन खिळखिळी झाली. विजयाची गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, आम्ही थांबत नाही.

दळवी बिल्डिंगमध्ये आत जाता येतं का?

बाहेरून बघायची. परळ नाक्यावरची ही इमारत गिरणी कामगार युनियनचं घरच होतं. ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी गिरणीत काम केलं त्यांना नुसतं नाव सांगितलं तरी पुरतं. डिसेंबर १९६७ मध्ये शिवसैनिकांनी इथल्या कचेरीवर हल्ला केला, सामानाची मोडतोड केली. सेनेबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहेच.

इथे उभं राहून आम्ही द्वारसभा कशी व्हायची ते सांगतो. भोंगा होतो, एक पाळी बाहेर पडते, दुसरी आत शिरत असते. फाटकाशी एक स्टूल ठेवलेलं, त्यावर वक्ता. हातात डबा घेऊन माणसं उभी. वक्त्याकडे फार तर पंधरा मिनिटं असतात, कारण आत जाणाऱ्याला उशीर झाला तर खाडा पडतो आणि बाहेर येणाऱ्याला भूक लागलेली असते. त्यामुळे भाषण पहिल्या वाक्यापासून मुद्द्यावर. या भागातल्या राजकीय वक्तृत्वाला जी धार आली ती सभागृहात आलेली नाही.

डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांचं पटत नव्हतं ना? मग पोयबावडी फेरीत का?

पटत नव्हतं म्हणूनच. शिवाय डॉ. आंबेडकर पोयबावडीच्या बीआयटी चाळीत बावीस वर्षं राहत होते, लाल बावट्याच्या ऐन भरात. दोन्ही चळवळी एकाच वस्तीत, एकाच नळावर वाढल्या.

भांडणाचं मूळ गिरणीच्या आत होतं. विणाई खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातली) कांडी संपली की नवी भरून सुताचं टोक बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. तिथे जात आडवी आली. मग या कामगारांच्या वाट्याला सूतकताईतली कमी पगाराची कामं. पाण्याचे माठही वेगळे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सरळ विचारलं: मालकाकडे इतक्या मागण्या करता, त्यात विणाई खातं सगळ्यांना खुलं करा ही मागणी का नाही? ती आली, पण नाखुषीने. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी उघड विरोध केला.

तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर. कामगार मैदानापाशी आम्ही हे सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, आता जमलं. जमलं नाही. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत आंबेडकर मुंबईत पडले (मतदारसंघातून दोघं निवडायचे होते, म्हणून मतदाराला दोन मतं), आणि डांग्यांनी मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं असा आरोप त्यांच्या निवडणूक याचिकेत होता.

आमचं मत विचाराल तर गिरणगावातल्या कम्युनिस्टांची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पगाराचा प्रश्न सुटला की जातीचा आपोआप सुटेल असं ते धरून चालले. हे ऐकून काही जुने कार्यकर्ते आमच्यावर चिडतात. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी असते आणि ते फेरीत असले तर आम्ही त्यांनाच बोलायला देतो.

डांगे नायक होते की खलनायक?

फेरी तीन तासांची आहे, तेवढ्यात हे सुटणार नाही. नाशिक जिल्ह्यातले. विशीत गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली, १९२४ च्या कानपूर खटल्यात आणि मग मीरतच्या खटल्यात तुरुंगात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला मुंबईतून खासदार झाले. पुढे १९६४ ला पक्ष फुटला, त्यात ते वादाच्या मध्यभागी. त्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. १९८१ ला पक्षाने त्यांनाच काढून टाकलं. वक्ता म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस परळने क्वचितच ऐकला, यावर मात्र त्यांच्या शत्रूंचंही एकमत असतं.

शाहीर आणि कवींबद्दल काही असतं का, की नुसते संपच?

भरपूर असतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. पक्षाचं पत्रक ज्याला वाचता येत नव्हतं त्याला पोवाडा कळत होता, छक्कड कळत होती. अमर शेखांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत जायचा असं जुनी माणसं सांगतात. कोकणातला गिरणी कामगार बायकोला गावी ठेवून आलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी तीच ताटातूट छक्कडीत घातली आणि मुंबईची मागणी त्यात गुंफली. सभेतल्या ठरावाने जे झालं नसतं ते त्या छक्कडीने केलं. २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसला, अनावरण देवेंद्र फडणवीसांनी केलं. यावर फेरीत लोक आपापल्या पद्धतीने हसतात.

नारायण सुर्वेही इथलेच. रस्त्यावर सापडलेलं मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेलं. शाळेत शिपाई, मग शिक्षक, आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या कविता कॉपीराइटमुळे आम्ही छापून वाटत नाही. पाठ असतील तर तुम्ही म्हणा.

बायका कुठे आहेत या इतिहासात?

गिरणीत होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत. उषाताई डांगे त्यांच्या पुढारी. रात्रपाळी आणि यांत्रिकीकरण यांच्या नावाखाली त्यांची संख्या हळूहळू घटत गेली आणि युनियनने त्यासाठी फारसा जीव टाकला नाही. २२ फेब्रुवारी १९४६ ला, नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून मुंबई बंद असताना, परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे ही पक्षाची कार्यकर्ती मारली गेली.

पण आमच्या मते गिरणगाव चालवलं ते खानावळवाल्यांनी. एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारी दहा-वीस माणसं, भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, आणि त्यांना दोन वेळ जेवू घालणारी एक बाई, बहुतेकदा विधवा किंवा आजारी नवऱ्याची बायको. पगार झाला की हिशेब, संप झाला की हिशेब थांबायचा, चूल थांबायची नाही. तोपर्यंत ती सावकाराकडे गहाण. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या आणि नंतर इथे कम्युनिस्ट पक्षात काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्या गेल्या, युनियनचा दबदबा गेला, पण लाल चळवळीतून निघालेलं हे काम टिकलं.

कृष्णा देसाईंच्या खुनाबद्दल बोलता का? वातावरण बिघडत नाही?

बोलतो, आणि लालबागमध्येच बोलतो. कॉम्रेड कृष्णा देसाई परळचे आमदार होते. ५ जून १९७० च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात त्यांचा खून झाला. खटला चालला, शिक्षा झाल्या, आरोपी शिवसेनेशी जोडलेले होते. ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि वामनराव महाडिकांकडून १,६७९ मतांनी हरल्या. महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार.

वातावरण आजवर बिघडलेलं नाही. ऐकणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा अशी माणसं असतात ज्यांचे आजोबा लाल बावट्यात आणि वडील सेनेत. या भागात ते अगदी नेहमीचं आहे. नुसत्या दहशतीने पक्ष संपला असं सांगणं सोपं जातं, पण ते पुरेसं नाही. १,६७९ हा आकडा बघा: निम्मी वस्ती अजून लाल होती. पण कामगाराच्या मुलाला गिरणीत जायचं नव्हतं. त्याला बँकेत, एअर इंडियात नोकरी हवी होती, आणि ती तुला का मिळत नाही याचं उत्तर सेना एका वाक्यात देत होती. युनियन त्याच्या बापाची होती. त्यात १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला, आणि ती होती काँग्रेसच्या बाजूची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लाल बावट्यामागे माणसं होती, पण करारावर सही करायचा अधिकार दुसऱ्याकडे.

दत्ता सामंत कम्युनिस्ट होते का?

नव्हते. काँग्रेसमधून आलेले डॉक्टर. १८ जानेवारी १९८२ चा संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. कम्युनिस्ट त्यात होते, पण पुढे नव्हते. संप अधिकृतपणे मागे घेतल्याची तारीख विचारू नका, तशी ती कोणी जाहीर केलीच नाही.

जुन्या गिरण्या आतून बघता येतात का?

नाही. ज्या मॉल झाल्या तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. फिनिक्सची चिमणी मॉलमध्ये उभी आहे, तिच्या आसपास कॉफी मिळते. बाकी जागांवर सुरक्षारक्षक हाकलतात, तेही मराठीतच. गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरं मिळायची होती. दीड लाखाहून जास्त अर्ज आले आणि लॉटरीत घर लागलेले त्यातले थोडेच. फेरीला आलेल्या कोणाकोणाच्या घरी अजून अर्जाची पावती असते.

चाळीत फोटो काढले तर चालतील?

इमारतीचे काढा. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचे, दारात बसलेल्या आजींचे विचारल्याशिवाय नाही. लोक तिथे राहतात.

गिरगावातलं पक्षाचं मुख्यालय, इप्टा (डाव्या कलावंतांची नाट्यसंघटना) हे का नाही?

अंतरामुळे. चाळीसच्या दशकात पक्षाची मध्यवर्ती कचेरी सँडहर्स्ट रोडवरच्या राजभुवनात होती. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशींच्या काळात तिथे कार्यकर्त्यांनी एकत्र राहायचं कम्यून होतं आणि चित्तप्रसाद, सुनील जाना यांच्यासारखे कलावंत पक्षाच्या पत्रासाठी चित्रं, फोटो द्यायचे. इप्टाची स्थापनाही मुंबईतलीच, मे १९४३ ची. तो सगळा सिनेमावाल्यांचा, लेखकांचा, बहुतांशी हिंदी-उर्दू-इंग्रजी कम्युनिस्ट इतिहास. त्यावर लिहिलंही खूप गेलं आहे. परळच्या मराठी कामगाराला तेवढी जागा मिळाली नाही, म्हणून आम्ही इकडे फिरतो.

हिंदी किंवा इंग्रजीत फेरी होते का?

मागणी असेल तर होते. पण मराठीत मजा जास्त, कारण रस्त्यावरची माणसं मध्येच येऊन आमचं बोलणं दुरुस्त करतात.

फी किती? लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक?

ठरावीक फी नाही, शेवटी जे द्यावंसं वाटेल ते द्या. दहा वर्षांच्या खालची मुलं कंटाळतात. ज्येष्ठांसाठी मध्ये दोनदा बसायची सोय करतो. निवृत्त गिरणी कामगार आले तर त्यांच्या चहाचे पैसे आम्ही देतो. शेवटी लालबागच्या चिवडा गल्लीत सोडतो, पुढची खरेदी तुमची तुम्ही.

घरी आजोबांचा बिल्ला आणि युनियनच्या पावत्या आहेत. त्यांचं काय करू?

लॅमिनेट करू नका. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि आजोबा कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कोणत्या गावचे हे मागे लिहून ठेवा. फेरीला घेऊन आलात तर बाकीच्यांना बघायला द्या, पण परत घेऊन जा. आम्ही काही गोळा करत नाही.

१ मे ला फेरी असते का?

नसते. त्या दिवशी कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकत्र. हुतात्मा चौकात सकाळपासून गर्दी असते आणि ती बघायला आमची गरज नाही. त्या चौकातल्या स्मारकात मशाल धरलेले दोघं, एक शेतकरी आणि एक कामगार, हे नीट बघून या आणि मग पुढच्या रविवारी करी रोडला भेटा. गणपतीचे दहा दिवसही फेरी बंद असते, लालबागमध्ये तेव्हा चालायला जागा नसते. पावसाळ्यात फेरी असते, फक्त हिंदमाताला पाणी तुंबल्याची बातमी आली तर सकाळी सहाला मेसेज पाठवून रद्द करतो.